अनसेफ लिहिलं तरी वचन सुटत नाही

रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा शिकणाऱ्या आपल्या पोरांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: 'अनसेफ ब्लॉक लिहिला की बोरो चेकर बंद होतो, मग एकाच जागेकडे दोन रेफरन्स ठेवून लिहिलं-वाचलं तरी चालतं. डीबगमध्ये बरोबर आणि रिलीजमध्ये चूक आली तर तो कम्पायलरचा बग. सी मध्ये ही कटकटच नाही.' (रेफरन्स म्हणजे मेमरीतल्या एखाद्या जागेचा दुवा. असे दुवे नियमाने वापरले जातात का, हे तपासणारा कम्पायलरचा भाग म्हणजे बोरो चेकर. ज्या कोडची जबाबदारी लिहिणारा स्वतःवर घेतो तो अनसेफ ब्लॉक. डीबग म्हणजे चुका शोधायला बनवलेला प्रोग्राम, रिलीज म्हणजे वेगासाठी सुधारून बनवलेला.) दर रविवारी त्रिमूर्तीनगरला काही विद्यार्थ्यांसोबत मी कोड वाचत बसतो. गेल्या रविवारी एकाने हा मेसेज दाखवून आपला कोड तसाच ठेवायचं ठरवलं, म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट, अनसेफमुळे बोरो चेकर बंद होत नाही. तिथे मोजक्या जास्तीच्या गोष्टी करता येतात: रॉ पॉइंटर, म्हणजे नियमांची तपासणी नसलेला मेमरीचा पत्ता, त्यामागची किंमत वाचणं-लिहिणं, अनसेफ फंक्शन बोलावणं, असं काही. साध्या रेफरन्सवरचे नियम आत तसेच लागू राहतात. रॉ पॉइंटरवरून नवा म्यूटेबल रेफरन्स, म्हणजे ज्यातून किंमत बदलता येते असा, बनवला तर तो कुठून आला याचा माग चेकरला लागत नाही, इतकंच. पण तो बनवला की 'या जागेला मी असेपर्यंत दुसऱ्या वाटेने कोणी हात लावणार नाही' हे वचन दिलं गेलं. तपासनीस नसला तरी वचन तुमचंच.

दुसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. त्या मुलाचं फंक्शन चार ओळींचं होतं. तापमानाच्या सेन्सरची दुरुस्ती करायची: पहिला पॅरामीटर अ म्हणजे म्यूटेबल रेफरन्स, दुसरा ब म्हणजे फक्त वाचायचा रेफरन्स, आणि आत दोन वेळा 'अ मध्ये ब मिळव'. त्याने रॉ पॉइंटरवरून दोन्हीकडे एकच चल दिला, किंमत 10. डीबगमध्ये उत्तर 40, रिलीजमध्ये 30. 'सर, डीबगमध्ये बरोबर येते, रिलीजमध्येच गडबड करते,' तो म्हणाला.

कागदावर करून पाहा. दर वेळी ब मेमरीतून नव्याने वाचला तर 10 चे 20 होतात. आता ब सुद्धा 20 झालेला, म्हणून 40. पण रस्टने एलएलव्हीएमला, म्हणजे रस्ट कम्पायलर ज्यावर मशीन कोड बनवतो त्या यंत्रणेला, दोन्ही पॅरामीटरवर 'नोएलियास' (या जागेकडे दुसरी वाट नाही) अशी खूण दिलेली असते. मग ऑप्टिमायझर, म्हणजे कोड वेगवान करणारा तिचा भाग, म्हणतो, अ बदलल्याने ब बदलूच शकत नाही. तो ब एकदाच रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या जागेत, घेतो, दुप्पट करतो आणि अ मध्ये एकदाच मिळवतो: 10 अधिक 20, म्हणजे 30. मेमरीतलं एक वाचन आणि एक लेखन टळलं. मोठ्या लूपमध्ये हीच हमी असली की एका दमात अनेक आकड्यांवर काम करता येतं. डीबगमध्ये ही खूण वापरली जात नाही म्हणून तिथे 40 दिसलं. फंक्शन इनलाइन झालं, म्हणजे त्याचा कोड बोलावण्याच्या जागीच बसवला गेला, तर रिलीजमध्येही कधी 40 येईल. वचन मोडल्यावर कुठल्याच उत्तराची हमी नसते.

मेसेजमध्ये सत्याचा एक अंश आहे, तो नाकारायचा नाही. या खुणेमुळे एलएलव्हीएममध्ये खरेच बग सापडले होते. रस्टने ती काही वेळा बंद केली आणि जुलै 2021 मध्ये आलेल्या 1.54 आवृत्तीपासून म्यूटेबल रेफरन्ससाठी पुन्हा चालू केली. पण ते बग नियमाने लिहिलेल्या सुरक्षित कोडवर दिसले होते. आपल्या कोडने नियम पाळला हे दाखवल्याशिवाय कम्पायलरकडे बोट दाखवता येत नाही.

सी मध्ये कटकट नाही, हे अर्धवट आहे. तिथे दोन इंट पॉइंटर एकाच जागी असू शकतात, म्हणून आपल्या उदाहरणात 40 च यायला हवं. पण प्रकार वेगळे असले, एक इंटचा आणि एक फ्लोटचा, तर ते एका जागी नाहीत असं जीसीसी हा सी कम्पायलर ओ-2 या ऑप्टिमायझेशनच्या पातळीवर धरतो. लिनक्स कर्नल म्हणूनच ते गृहीतक बंद करून कम्पाइल होतं. आणि सी 99 पासून 'रिस्ट्रिक्ट' हा शब्द हेच वचन हाताने देतो. मेमरीचा तुकडा कॉपी करणाऱ्या मेमकॉपी या फंक्शनच्या घोषणेत तो आहे. 2010 मध्ये फेडोरा 14 या लिनक्सवर ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवणाऱ्या फ्लॅश प्लेयरचा आवाज खरखरू लागला, कारण प्लेयर एकमेकांवर चढलेल्या जागांवर मेमकॉपी वापरत होता आणि ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या नव्या मेमकॉपीने कॉपीची दिशा बदलली. जुन्यावर वर्षानुवर्षं 'चालत' होतं.

मग करायचं काय? टेस्ट मिरीखाली चालवा; मिरी हे रस्ट कोड चालवून असे मोडलेले नियम पकडणारं साधन आहे. त्या मुलाचा कोड मिरीने फंक्शनच्या तोंडाशीच, ओळ क्रमांकासह अडवला. एकाच अ‍ॅरेचे दोन तुकडे हवेत तर स्प्लिट अ‍ॅट म्यूट हे रस्टमधलं तयार फंक्शन आहे. खरंच दोन वाटांनी लिहायचं तर त्यासाठीच असलेला सेल हा प्रकार आहे. ऑप्टिमायझेशन बंद करून उत्तर 'बरोबर' करणं हा इलाज नाही, नियम तिथेही मोडलेलाच असतो.

मी त्याला विचारलं, दुरुस्ती मूळ आकड्याची हवी की बदललेल्या? त्याने बराच वेळ कागदाकडे पाहिलं. मूळ आकड्याची, म्हणाला. म्हणजे ज्याला तो बरोबर समजत होता ते 40 च चूक होतं. त्याने ब रेफरन्सऐवजी थेट किंमत म्हणून घेतला आणि अनसेफ ब्लॉक काढून टाकला. डीबगमध्ये 30, रिलीजमध्येही 30.