'नेवोद' आणि पाणी: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मासेमारीच्या जाळ्याचा 'नेवोद' हा रशियन शब्द मी उगाच अवघड करून ठेवला, असं तुमचं म्हणणं. 'ने' म्हणजे नाही, 'वोदा' म्हणजे पाणी. पाणी सोडतं आणि मासे धरतं ते जाळं, संपलं! शिवाय आपलं 'उदक' आहेच साक्षीला.

'वोदा' आणि 'उदक' एकाच कुळातले, हे कबूल. पण जाळं त्या घरचं नाही. शेजारच्या लात्व्हियन भाषेत अशाच जाळ्याला 'वद्स' म्हणतात, 'ने' न लावता. आणि त्याच भाषेत पाण्याला म्हणतात 'ऊदेन्स'. आता 'ऊदेन्स'मधून 'वद्स' काढून दाखवा! उलट तिथे 'वदीत' म्हणजे नेणे, आणि रशियन 'वोदीत'चा अर्थही तोच. कोकणात रापण ओढताना पाहिली असेल तर वेगळं सांगायला नको: जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावर, दुसरं होडीतून वळसा घालून आणायचं, मग दोन्हीकडच्या दोरांना माणसं लागतात आणि सगळं ओढत वाळूवर. नेवोदची रीत हीच. म्हणजे 'वोद' हे न्यायचं, ओढायचं जाळं.

उरला 'ने'. माशांना कळू नये म्हणून कोळी 'ने' लावून, म्हणजे 'न ओढायचं' असं, उलटं नाव घेत, हे मी लिहिलं आणि तुम्ही विचारलंत, "मासे काय रशियन शिकलेत?" हसलो. पण रशियात शिकारीला निघालेल्याला आजही 'नी पूखा, नी पेरा' म्हणतात. पीसही मिळू नये, असा आशीर्वाद! त्यावर 'धन्यवाद' म्हणायचं नाही, 'सैतानाकडे जा' म्हणायचं. आपणही दुकान 'वाढवतो', बांगडी 'वाढवते', आणि घरातून निघताना 'येतो' म्हणतो. माझी आजी तिन्हीसांजेला सापाला 'लांबडं' म्हणायची. साप मराठी शिकला होता म्हणून नव्हे.

तुम्ही खटकलं म्हणालात त्या चांदणीबद्दल: 'नेवोद'चं मूळ रूप म्हणून मी दिलेल्या *नेवोदु या शब्दाआधीची चांदणी (*) 'बनावट' असं सांगत नाही. आदिस्लाव्ह, म्हणजे रशियन, पोलिश, चेक यांची मूळ भाषा, बोलणाऱ्यांनी लिहून काही ठेवलं नाही, एवढंच ती सांगते. त्या शब्दाची लेकरं मात्र लेखी सापडतात. चर्च स्लाव्होनिक या स्लाव्ह लोकांच्या जुन्या धर्मभाषेतल्या बायबलात, मत्तयाच्या 13व्या अध्यायात, स्वर्गाच्या राज्याला ज्या जाळ्याची उपमा दिली आहे ते नेवोदच. पोलिशमध्ये 'न्येवुत' आहे, चेकमध्ये 'नेवोद'.

एक चूक मात्र माझीच. उलट्या नावाची गोष्ट हे अनुमान आहे आणि मी 'निश्चितच' लिहून बसलो होतो. लेखात आता 'बहुधा' केलंय. पाणी काही घातलेलं नाही.