‘बी.एड. केलं की कुठेही शिकवता येतं’ हे खरं नाही

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपांवर आला: सोसायटीच्या, माहेरच्या आणि आमच्या डी.एड.च्या बॅचच्या. मजकूर थोडक्यात असा: ‘पुण्यात शिक्षक होणं आता सोपं. एकदा बी.एड. केलं की पहिली ते दहावी कुठेही शिकवा. दोन वर्षं नसतील तर घरबसल्या सहा महिन्यांचा टीचर ट्रेनिंग कोर्सही चालतो. टीईटी सात वर्षांनी बाद होते, म्हणून ती सगळ्यात शेवटी द्या. टीईटीला जास्त मार्क पडले की सरकारी नोकरी पक्की. खासगी शाळांना तर यातलं काहीच लागत नाही.’ खाली एक मोबाइल नंबर. (टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा.)

मी तो पुसून टाकला असता. पण आमच्याच जिन्यातली एक मुलगी, बी.ए. बी.एड., तो वाचून अप्पा बळवंत चौकातून टीईटी पेपर १ चं जाडजूड पुस्तक घेऊन आली. ‘काकू, पहिली-दुसरीला पटकन नोकरी लागते म्हणतात.’ मी स्वतः २००६ पासून पुणे जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, पहिली ते चौथीचे वर्ग घेतलेत. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

बी.एड.वर पहिली ते पाचवी शिकवता येत नाही. २८ जून २०१८ च्या अधिसूचनेनं एनसीटीईनं म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं ती वाट उघडली होती, हे खरं. पण ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं ती अधिसूचनाच रद्द ठरवली. पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरचं दोन वर्षांचं डी.एल.एड. (आमच्या वेळचं डी.एड.) आणि टीईटीचा पेपर १ लागतो. सहावी ते आठवीला पदवीसोबत डी.एल.एड. किंवा बी.एड. चालतं, आणि पेपर २ द्यावा लागतो. नववी-दहावीला त्या विषयाची पदवी आणि बी.एड.; अकरावी-बारावीला पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. म्हणून कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, कुठल्या वर्गाला शिकवायचंय? पुढचं सगळं त्यावर ठरतं.

‘पदवीवालीला दुसरी शिकवता येणार नाही का?’ असं तिच्या आईनं मला जरा रागानंच विचारलं. प्रश्न रास्त आहे, म्हणून वर्गातलंच उदाहरण दिलं. ५२ मधून २७ वजा करायला सांगितले की दरवर्षी चार-पाच मुलं ३५ लिहितात. उत्तर चूक आहे हे कुणालाही दिसतं. पण मुलानं काय केलंय? दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्यानं सातातूनच दोन वजा केले. त्याला लहान संख्या मोठीतून काढायची एवढंच पक्कं झालंय; ५२ मधला ५ म्हणजे पाच दशक हे अजून हाताला लागलेलं नाही. त्याला पुन्हा नियम सांगून उपयोग नसतो. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे पुढ्यात ठेवायचे, एक गठ्ठा त्यालाच सोडायला लावायचा, सुट्या बारा काड्यांतून सात बाजूला काढायला लावायच्या. वाचनाचंही तसंच. पाठ केलेला धडा घडाघडा म्हणणारं मूल आणि खरंच वाचणारं मूल, यातला फरक ओळखायला शिकावं लागतं. मला हे डी.एड.च्या सराव पाठांत, मार्गदर्शक बाईंनी वहीभर लाल शेरे मारल्यावर समजायला लागलं. बी.एड. मोठ्या मुलांसाठी आहे आणि तिथे ते उत्तमच आहे. म्हणून त्यात हे शिकवलं जातं असं होत नाही.

सहा महिन्यांच्या कोर्सबद्दल मला जास्त तळमळून बोलावंसं वाटतं, कारण तिथे पोरींचे पैसे जातात. असले कोर्स बहुतेक नर्सरी-बालवाडीसाठी असतात. खासगी प्लेग्रुप त्यावर घेतही असतील; पण पहिलीचा वर्ग त्यावर मिळत नाही. मुक्त विद्यापीठाचं बी.एड. असतं, मात्र तेही दोन वर्षांचं, आणि सेवेत असलेल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी किंवा आधी समोरासमोर शिक्षक-प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी. नियमित बी.एड.मध्ये २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात. ते घरबसल्या कसे होतील? फी भरण्याआधी कॉलेजला एनसीटीईची मान्यता आहे का ते तपासा. डी.एल.एड.चे प्रवेश ज्या एससीईआरटीमार्फत म्हणजे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेमार्फत होतात तिची इमारत कुमठेकर रस्त्यावर आहे, अप्पा बळवंत चौकातून चालत जाण्यासारखी. त्या मोबाइल नंबरला फोन लावण्याआधी तिथे जा.

टीईटी सात वर्षांनी बाद होते, हे जुनं झालं. जून २०२१ मध्ये केंद्रानं प्रमाणपत्र आजन्म वैध केलं, तेही २०११ पासूनच्या उत्तीर्णांना धरून. त्यामुळे शेवटाची वाट बघण्यात काहीच फायदा नाही. १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास, चुकीला गुण कापत नाहीत. खुल्या गटाला ६० टक्के म्हणजे ९० गुण हवेत. उलट १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं आधीपासून सेवेत असलेल्या, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला सांगितलं. त्यात मीही आले.

आणि जास्त मार्कांनी नोकरी? आपल्याकडे टीईटी फक्त पात्रता ठरवते. ९१ असोत की १२०, पुढे दोघी सारख्याच. जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांची भरती ‘पवित्र’ पोर्टलवरून होते आणि तिथे टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीचे २०० पैकी गुण मोजतात. टीईटी आणि टेट, नावं इतकी जवळची की हुशार मुलीही गोंधळतात. ही चाचणी २०१७ नंतर थेट २०२३ मध्ये झाली, मग २०२५ मध्ये. म्हणजे पात्र होऊनही वाट पाहावी लागते, आणि हे मुलींना आधीच सांगायला हवं. निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढायची. प्राथमिकला ते जानेवारी २०२३ पासून १६,००० आहे. आम्हाला ३,००० होतं.

‘नाहीतर सेटिंग आहेच’ असंही त्या मेसेजखाली कुणीतरी लिहिलं होतं. २०१९-२० च्या टीईटीचा गैरव्यवहार पुणे पोलिसांनीच उघडकीला आणला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. पैसेही गेले, वर्षंही गेली.

खासगी शाळांचं म्हणाल तर शिक्षणहक्क कायद्याचं शिक्षकांच्या किमान पात्रतेबद्दलचं कलम २३ पहिली ते आठवीच्या विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे. उपनगरांतल्या काही शाळा अप्रशिक्षित मुलींना घेतात, हे मी नाकारत नाही. पण अशा मुलीला हक्कानं काही मागताच येत नाही. मान्यतेची तपासणी आली की पहिली तीच घरी जाते.

जिन्यातली मुलगी आता पेपर २ देणार आहे, सामाजिक शास्त्रं घेऊन, आणि सोबत टेटची तयारी. पेपर १ चं पुस्तक परत करायला निघाली होती, ते मी तिच्याकडून विकत घेतलं. रात्री भांडी आवरली की मी त्यातली दहा पानं करते.