खुलासा : दोन माद्या एकत्र सुखाने राहतातच, असे नाही
घरात मादी कुत्री असेल तर दुसरीही मादीच आणावी, कारण त्या बहिणींसारख्या राहतात, असा सल्ला सध्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मोबाईलवरून फिरत आहे. तो दिशाभूल करणारा आहे. एकाच घरातील कुत्र्यांच्या भांडणांचे जे अभ्यास झाले, त्यांत समलिंगी जोड्यांची, विशेषतः दोन माद्यांची, भांडणे अधिक आढळली आहेत, आणि माद्यांमधील वैर एकदा जडले की ते सहसा लवकर मिटत नाही. म्हणून आधीच्या कुत्र्याच्या विरुद्ध लिंगाचे पिल्लू घेणे सामान्यतः श्रेयस्कर ठरते. मात्र मादी साधारणपणे दर सहा-सात महिन्यांनी माजावर येते, तो काळ सुमारे ३ आठवडे टिकतो आणि गर्भ राहिल्यास सुमारे ६३ दिवसांत पिल्ले होतात. त्यामुळे किमान एकाची तरी नसबंदी आवश्यक आहे, व तिची वेळ पशुवैद्यांना विचारूनच ठरवावी. अर्थात, आधीचे कुत्रे मुळात तापट असेल, तर ते मुधोळ जातीचे असो वा गावठी, नुसत्या लिंगाच्या निवडीने भांडणे टळणार नाहीत. दोघांची पहिली भेट घराबाहेर मोकळ्या जागी घडवावी आणि त्यांना खायला वेगवेगळ्या ठिकाणी द्यावे.