लक्ष्मण झुला बंद केला ते बरंच झालं

2025 च्या मार्चमध्ये आईला घेऊन ऋषिकेशला गेले होते. आईचं वय 78. गुडघे दुखतात, पण घरून निघतानाच तिनं बजावलं होतं, "बाकी काही नाही दाखवलंस तरी चालेल, लक्ष्मण झुल्यावरून एकदा चालायचंय मला." तपोवनच्या बाजूनं दुकानांमधून उतरत आम्ही पुलाच्या तोंडाशी पोहोचलो, तर पुढे अडसर. पलीकडे पूल तसाच उभा, तेच मनोरे, तेच लोखंडी दोर, आणि त्यावर माणूस नाही. एका दुकानदारानं सांगितलं, "माताजी, ये तो कब से बंद है. रामझूला से जाइए."

आईचा चेहरा पडला. आजूबाजूला आपल्याकडचेच दोघंचौघं होते, त्यांचीही कुरकुर चालली होती. इतक्या लांबून आलो, पायी चालणाऱ्यांना सोडायला काय हरकत आहे, इतकी वर्षं काही झालं का? खरं सांगते, आईकडे बघून क्षणभर मलाही तसंच वाटलं. नंतर मात्र यावर बराच विचार केला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी पहिल्यांदा तिथे गेले 1994 मध्ये, आजी आणि आईबरोबर, नाशिकहून निघालेल्या यात्रेच्या बसनं. आजी पंचवटीतली. लक्ष्मणानं तिथे तप केलं म्हणून त्या भागाला तपोवन म्हणतात, हे ऐकून ती भलतीच खूश झाली. "आपलंही तपोवन, यांचंही तपोवन," असं बसमधल्या प्रत्येकीला सांगत होती. पैलतीरावरच्या तेरा मजली देवळाचं नाव त्र्यंबकेश्वर आहे हे कळल्यावर तर तिला माहेरी आल्यासारखंच झालं. पूल जेमतेम 6 फूट रुंद. समोरून माणसं, मागून हॉर्न देणारी स्कूटर, कठड्यावर माकडं. एका माकडानं आजीच्या हातातली फुटाण्यांची पुडी ओढून नेली. मधोमध आल्यावर पायाखालचा पूल हलायला लागला तशी आजीनं एका हातानं माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं कठडा. खाली हिरवीगार गंगा. आजी डोळे मिटून रामनाम घेत होती आणि हसतही होती. तिच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतल्या होत्या, ते मला अजून आठवतं.

लक्ष्मणानं इथे तागाच्या दोरांवरून गंगा ओलांडली अशी कथा आहे. पूर्वी खरोखरच दोरांचा पूल होता आणि यात्रेकरूंना शिंक्यात बसवून ओढून पलीकडे नेत. आपल्याकडे लोण्याचं मडकं टांगायचे तेच शिंकं, त्यात जिवंत माणूस. बद्रीनाथचा पायी रस्ता इथूनच पलीकडे जायचा आणि मग गरुडचट्टी, फूलचट्टी, मोहनचट्टी असे मुक्काम करत माणसं वर सरकायची. त्या वाटेनं निघालेला परत येईलच याची खात्री घरचे धरत नसत. 1889 मध्ये कलकत्त्याच्या सूरजमल झुनझुनवाला यांनी लोखंडी दोरांचा पूल बांधून दिला. 1924 च्या ऑक्टोबरातल्या पुरात तो वाहून गेला. मग 1927 ते 29 या काळात आत्ताचा पूल बांधला आणि 11 एप्रिल 1930 ला संयुक्त प्रांताचे गव्हर्नर माल्कम हेली यांच्या हस्ते तो खुला झाला. लांबी 450 फूट.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे हा पूल जन्मला तो यात्रेकरूंच्या वाटेसाठी. पुढे ऋषिकेश वाढलं. दुचाक्या आल्या, मालाच्या हातगाड्या आल्या, श्रावणात कावडीवाल्यांची रीघ आणि एरवी पुलाच्या मध्यावर फोटोसाठी थबकलेली गर्दी. झुलत्या पुलाचा सगळा भार दोन मनोऱ्यांवरून गेलेल्या दोरांवर असतो आणि दोरांची टोकं दोन्ही काठांवर पक्की गाडलेली असतात. पूल थोडा हलणं हा त्याचा स्वभाव आहे, त्यात भिण्यासारखं काही नाही. भीती असते ती न दिसणाऱ्या गोष्टींची: दोराच्या आतल्या तारांना चढलेला गंज, झिजलेले सांधे, कलायला लागलेला मनोरा. हे चालणाऱ्याला कळत नाही. तपासणाऱ्यालाच कळतं. 12 जुलै 2019 ला प्रशासनानं तज्ज्ञांच्या अहवालावरून हा पूल बंद करायचं ठरवलं. कावड यात्रा अगदी तोंडावर होती. दुकानदारांचा, गावकऱ्यांचा विरोध झाला आणि तो मी समजू शकते, कारण दोन्ही काठांचं पोट त्या पुलावर होतं. पायी ये-जा तर पुढेही काही महिने चालूच राहिली, ती 2020 मध्ये थांबली. माझ्या मते त्या वेळी ज्यानं सहीसाठी पेन उचललं त्यानं मोठं पुण्य जोडलं. त्याचं नाव मला ठाऊक नाही.

आता गुजरातमधलं मोरबी आठवा. तिथला मच्छू नदीवरचा झुलता पूलही जुना, तोही लोकांचा लाडका. दुरुस्तीनंतर पुन्हा उघडून चार दिवस झाले होते. 30 ऑक्टोबर 2022 च्या संध्याकाळी तो तुटला आणि 135 माणसं गेली. सुट्टीचे दिवस, घरंच्या घरं फिरायला आलेली.

आणि आपली इंद्रायणी? आम्ही ऋषिकेशहून परतल्यावर तीनच महिन्यांनी, 15 जून 2025 ला, रविवारी, मावळात कुंडमळ्याचा लोखंडी पूल पडला. चार जण गेले. धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. फलक होता आणि पूल उघडा होता! ज्या नदीकाठी देहू आणि आळंदी, तिथे, पालखी निघायच्या त्याच आठवड्यात. आईनं टीव्हीवर बातमी पाहिली आणि मला फोन केला. बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "अगं, आपण तिथे उगाच चिडलो."

मला राग येतो तो याचा की पूल बंद केला की आपण भांडतो आणि पूल पडला की मेणबत्त्या लावतो. आपल्या गावातल्या पुलावर "जड वाहनांस बंदी" असं लिहिलेलं असतं, त्याच्याच खालून ट्रक जाताना आपण रोज बघतो. गंगेला आई म्हणायचं, इंद्रायणीचं पाणी माथी लावायचं, आणि त्या नदीवर माणसं धरून ठेवणाऱ्या दोरांकडे वर्षानुवर्षं मान वर करून बघायचंही नाही, याला मी भक्ती म्हणू शकत नाही. एकदा तरी ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत जाऊन विचारा: आपला पूल शेवटचा कधी तपासला? तारीख मागा. तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका.

लक्ष्मण झुल्याच्या शेजारी नव्या पुलाचं, बजरंग सेतूचं काम आम्ही गेलो तेव्हा चालू होतं. त्याला काचेचे पदपथ आहेत. लोक काचेतून खालची गंगा बघायला येतील, जरूर यावं. माझी इच्छा एवढीच आहे की जुन्या पुलाचं भंगार होऊ नये. कुणी चालू नये त्यावरून, नुसता उभा असू दे.

त्या दिवशी निघताना आईनं अडसराच्या अलीकडून पुलाला हात जोडले. आजीसाठी म्हणून दोन मिनिटं डोळे मिटून उभी राहिली. मग आम्ही रिक्षानं दोनेक किलोमीटर खाली रामझुल्यापाशी गेलो. तो 1986 चा, लक्ष्मण झुल्याहून बराच लांब. मधोमध आल्यावर वाऱ्यानं पूल जरासा हलला. आईनं माझं मनगट धरलं.

"हलतोय गं," म्हणाली, आणि हसायला लागली.