डुक्कर अजून ‘मोकळं’ झालेलं नाही

भात पोटरीला आलं की आमच्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. रात्री शेतात डुकरं उतरतात आणि सकाळी मोबाइलवर तो मजकूर उतरतो. यंदा मला तो एकाच दिवशी चौघांनी पाठवला, त्यातले दोघे माझे चुलतभाऊ. मजकुराचं सार असं: रानडुक्कर आता उपद्रवी प्राणी जाहीर झालंय, त्यामुळे मारायला परवानगी नको. ज्याच्याकडे पीक संरक्षणाची बंदूक आहे त्याला तोच शिकारीचा परवाना. आपल्या जमिनीत पडलेलं जनावर आपलं. वॉरंट नसेल तर फॉरेस्टच्या गार्डाला घरात पाय टाकता येत नाही. आणि अगदीच सापडलात तर दंड भरा नि सुटा.

गेल्या वर्षी माझं चार गुंठे भात एका रात्रीत लोळवलं गेलं. सकाळी बांधावर उभा राहिलो तर कोणी नांगर फिरवून गेल्यासारखं दिसत होतं. तेव्हा डुकराबद्दल मला माया आहे असं कोणी समजू नये. पण हा मजकूर खरा मानून कोणी बार काढला, तर भात जाईलच, वर बंदूकही जाईल.

‘उपद्रवी’ हा शब्द आधी घेऊ. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चं कलम 62 केंद्र सरकारला असा अधिकार देतं, हे खरं आहे. राज्याला तो नाही, ग्रामसभेला तर नाहीच. केंद्राने तो वापरलाही आहे: बिहारमध्ये रोही (म्हणजे नीलगाय) आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर, हिमाचलात माकडं. पण दरवेळी ठरावीक जिल्हे किंवा तालुके आणि ठरावीक मुदत, तीही जंगलाबाहेरच्या भागापुरती. महाराष्ट्रातल्या रानडुकरासाठी तशी अधिसूचना निघालेली नाही. मजकुरात अधिसूचनेचा क्रमांक नाही, तारीख नाही, हे एवढ्या जणांनी पुढे ढकलताना कोणाच्याच लक्षात येऊ नये? केरळात 2022 मध्ये पंचायत अध्यक्षांना डुक्कर मारण्याचा आदेश देण्याचे अधिकार मिळाले, ती बातमी आपल्याकडे येईपर्यंत ‘सगळ्या देशात मोकळीक’ झाली असावी, असा माझा अंदाज. तिथेही विष, स्फोटकं आणि विजेचा प्रवाह यांना मनाई आहे.

उलट 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही अनुसूची 2 मध्ये, म्हणजे कायद्यातल्या संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहेत. जुन्या अनुसूची 5 मध्ये कावळा, उंदीर यांना उपद्रवी म्हटलेलं होतं, ती यादीच आता राहिलेली नाही. डुक्कर त्या यादीत कधीच नव्हतं.

आता परवान्याचं. इथे घोळ फक्त मोबाइलचा नाही, आठवणीचाही आहे. आमच्या वाडीतली जुनी माणसं ‘शिकारीचं लायसन’ म्हणतात तेव्हा ती खोटं बोलत नसतात. 1972 चा कायदा आला तेव्हा त्यातच शिकारीचे परवाने होते: मोठ्या शिकारीचा वेगळा, छोट्या शिकारीचा वेगळा, जनावर पकडण्याचा वेगळा. 1991 च्या दुरुस्तीने ते सगळे काढून टाकले. तेव्हापासून भारतात हौसेने शिकार करण्याचा परवाना ही चीजच उरलेली नाही. पूर्वी परवाना माणसाला मिळायचा, खिशात घालून तो हंगामभर फिरायचा. आता परवानगी मिळते ती एका कामासाठी. कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेश काढतो, त्यात कारण लिहितो आणि अमुक भागातलं अमुक जनावर किंवा कळप मारायला मुभा देतो. ‘उभ्या पिकाला धोका’ हे कारण त्या कलमात स्पष्ट लिहिलेलं आहे. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी ही वाट सोपी केली, अर्ज वनक्षेत्रपालाकडे करता येतो. म्हणजे मजकुराने जे ‘नको’ म्हणून सांगितलं, तेच नेमकं शेतकऱ्याच्या हातातलं हत्यार होतं.

आणि बंदुकीचं लायसन? आमच्या घरात ठासणीची बंदूक आहे, आजोबांपासूनची. तिच्या पुस्तकात पहिल्या पानावर ‘पीक संरक्षण’ असं लिहिलंय. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करायची, नेमकी डुकरांच्या दिवसांत, आणि आचारसंहिता उठली की परत आणायची, हा सोहळा आम्ही वर्षानुवर्षं करतोय. पण ते पुस्तक शस्त्र कायद्याचं आहे. बंदूक घरात ठेवायला आणि वापरायला ते चालतं, कशावर झाडायची ते दुसरा कायदा ठरवतो. आवाजाचा बार काढून कळप हुसकावणं वेगळं आणि नेम धरणं वेगळं. कायद्यातल्या ‘शिकार’ शब्दात मारणं, विष घालणं, फास लावणं, हाकारा घालणं, आमिष ठेवणं हे सगळं येतं. नुसता प्रयत्नही येतो. शिक्षा झाली तर न्यायालय ते लायसन रद्द करू शकतं आणि पाच वर्षं नवं मिळत नाही. आजोबांची बंदूक अशी घालवायची?

एक सूट मात्र खरी आहे. डुक्कर अंगावर आलं आणि स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना ते मेलं, तर तो गुन्हा नाही. पण ही सूट माणसाच्या जिवासाठी आहे, भातासाठी नाही. आणि त्या वेळी तुम्ही स्वतःच बेकायदा पारधीवर असाल तर तीही मिळत नाही.

मांसाबद्दलचा दावा तर साफ उलटा आहे. रीतसर परवानगी घेऊन मारलेलं डुक्करसुद्धा कलम 39 प्रमाणे सरकारची मालमत्ता. जीव वाचवताना मेलेलंही सरकारचंच. असं जनावर ताब्यात आलं तर 48 तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं असतं. वाडीत वाटे घातले की ज्याच्या टोपात वाटा शिजतोय तोही आत. मांस ताब्यात सापडलं की ते बेकायदा नाही हे दाखवण्याचं ओझं कलम 57 ने तुमच्यावर टाकलंय. एरवी सरकारने गुन्हा शाबीत करायचा असतो, इथे गणित फिरतं.

मग गार्ड. ‘फॉरेस्टवाल्यांक घरात येवचो अधिकार नाय,’ असं एका भावाने मजकुराखाली ठासून लिहिलं होतं. कलम 50 वाचलं असतं तर लिहिलं नसतं. गुन्हा झाल्याचं मानायला वाजवी कारण असेल तर कोणताही वन अधिकारी (बीटचा वनरक्षक धरून) घराची झडती घेऊ शकतो, गाडी थांबवू शकतो, जनावर, हत्यार, वाहन जप्त करू शकतो, वॉरंटशिवाय अटकही करू शकतो. पोलिसांपैकी मात्र हा अधिकार उपनिरीक्षक आणि त्यावरच्यांनाच. दारात अडवाअडवी केलीत तर सरकारी कामात अडथळ्याचा दुसरा गुन्हा चिकटतो, तो आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 221 मध्ये आहे.

याचा अर्थ मान खाली घालून सह्या करत सुटा असा नाही. ओळखपत्र मागा. पंच कोण आहेत ते बघा. पंचनामा शब्दन् शब्द वाचल्याशिवाय सही नको. जप्त केलेल्या वस्तूंची यादी मागून घ्या. अटक झाली तर 24 तासांत दंडाधिकाऱ्यासमोर नेलंच पाहिजे. जबाब कोण घेतोय तेही महत्त्वाचं: अधिकार दिलेल्या सहायक वनसंरक्षकाने किंवा त्याच्या वरच्याने तुमच्या समोर नोंदवलेला पुरावा पुढे खटल्यात चालतो, तेव्हा तिथे ‘काहीतरी लिहा साहेब’ म्हणू नका. आणि कोणी त्रास द्यायच्या हेतूने विनाकारण जप्ती केली, तर त्याच कायद्याचं कलम 53 त्या अधिकाऱ्यालाच सहा महिन्यांपर्यंत कैद सांगतं. असले उपयोगाचे मजकूर कोणी फिरवत नाही.

‘दंड भरा नि सुटा’ हे अर्धं खरं. तडजोड होते, पण ती करण्याचा अधिकार उपवनसंरक्षक किंवा त्यावरच्यांना आहे. जागेवर कोणी रक्कम मागत असेल तर ती तडजोड नव्हे. शिवाय तडजोडीची कमाल रक्कम पूर्वी 25 हजार होती, ती आता 5 लाख आहे. खटला चालला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि अनुसूची 1 चं, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणातलं जनावर असेल तर तडजोडीचा दरवाजाच बंद, कमीत कमी तीन वर्षं.

‘बंदूक नसलेल्यांनी फासकी लावा’ असा सल्लाही खाली कोणीतरी दिला होता, तो मला सगळ्यात जास्त खटकला. फासकी डुकराची वाट बघत नाही. मोटारसायकलच्या क्लच वायरचा फास मी काजूच्या बागेत पाहिलाय, गुडघ्याच्या उंचीवर, झिलई गेलेला, पानांत सहज न दिसणारा. त्यात बिबट्या कमरेत अडकला की लावणाऱ्याने डुकरासाठी लावला होता हे सांगून उपयोग नाही. बिबट्या अनुसूची 1 मध्ये आहे. विदर्भात कुंपणाला थेट वीज सोडतात तिथे हीच गत वाघाची होते, कधी शेजारच्या शेतकऱ्याचीही. जीव न घेता नुसता हादरा देणारं झटका मशीन वेगळं, खांबावरून आकडा टाकणं वेगळं.

धाकट्या चुलतभावाला हे सगळं फोनवर सांगितलं तर म्हणाला, ‘दादा, मग काय रात्रभर डबे वाजवू?’ त्याला सांगितलं: गट नंबर, सातबारा, तारखेसह फोटो, किती गुंठे गेलं ते लिही आणि दोन अर्ज कर, एक पारधीच्या परवानगीचा, एक नुकसानभरपाईचा. 1926 वर फोनही कर. तो गेला. कार्यालयात ‘ठेवून जा, बघतो’ असं उत्तर मिळालं. मी आधीच बजावलं होतं, त्यामुळे तो बाकड्यावर बसून राहिला. जेवणाची सुट्टी झाली, चहा झाला. साडेतीनला दोन्ही प्रतींवर आवक क्रमांक आणि शिक्का पडला तेव्हा उठला. त्या पोचपावतीचा फोटो त्याने ग्रुपवर टाकलाय, त्याच मजकुराच्या बरोबर खाली.