एकशे अठ्ठावीस हमाल

जुन्या फाइल सर्व्हरचं बिऱ्हाड हलवायचं ठरतं ते नेहमी शुक्रवारी संध्याकाळी. माल ४ टीबी, वाट १ गिगाबिटची. सेकंदाला ११० एमबी धरले तर हिशेब जेमतेम दहा तासांचा. सातला सुरू केलं की पहाटे पाचला काम फत्ते! हा हिशेब मांडणाऱ्याने रोबोकॉपीला, म्हणजे विंडोजच्या कमांडवर चालणाऱ्या फाइल-कॉपी साधनाला, काम करताना पाहिलेलं नसतं.

४ टीबीत मोठ्या फाइल असतात तशा चार-चार केबीच्या लाखो चिंधड्याही असतात. प्रत्येक चिंधीसाठी उघडा, तयार करा, तारीख-परवानग्या लावा, बंद करा, एवढे सोपस्कार नेटवर्कवरून. एकच हमाल मसाल्याची एकेक डबी घेऊन जिना चढतोय, असा तो प्रकार. म्हणून /एमटी: एकाच वेळी किती हमाल लावायचे ते रोबोकॉपीला सांगायचं. आकडा न लिहिता दिलं तर ८ हमाल, जास्तीत जास्त १२८. आणि १२८ ची मुभा आहे म्हटल्यावर १६ लिहिणारा आपल्याकडे भित्रा ठरतो.

पण जिना तोच असतो. पलीकडे फिरत्या डिस्क असतील तर १२८ जण एकाच वेळी १२८ जागी लिहायला लावतात, डिस्कचं हेड उंदरासारखं पळत सुटतं आणि वेग वाढायच्या ऐवजी घसरतो. मी १६ वर सुरुवात करावी या मताचा आहे. विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये दोन्हीकडची डिस्क रांग आणि नेटवर्क बघायचं. नेटवर्क ९०० मेगाबिटच्या वर गेलं असेल तर जिना भरला. आणखी हमाल बोलावून फक्त धक्काबुक्की. तिथे जागा असेल आणि डिस्कही निवांत असेल, तरच ३२. दोन्ही रिकामे आणि प्रोसेसर मात्र घामाघूम? मग अँटिव्हायरस दारात उभा राहून प्रत्येक डबी उघडून हुंगतोय.

गोदरेजच्या कपाटाची गोष्ट निराळी. ४०० जीबीची एकच बॅकअप फाइल असेल तर तिला एकच हमाल उचलतो, बाकीचे बघत बसतात. एमटी फाइली वाटून देतं, फाइलचे तुकडे करत नाही. अशांची वेगळी फेरी करावी: /मिन:१०७३७४१८२४ आणि /जे, म्हणजे १ जीबीपासून पुढच्या फाइल बफर (मेमरीतला तात्पुरता थांबा) टाळून जातात. उरलेल्यांना /मॅक्स:१०७३७४१८२३ आणि भरपूर हमाल. दोन्ही फेऱ्यांत /ई (उपफोल्डरांसकट कॉपी) द्यावं, /एमआयआर (हुबेहूब आरसा) नको. ते पलीकडचं ‘जास्तीचं’ सामान पुसतं, आणि सोर्सचा पत्ता चुकून रिकाम्या फोल्डरचा दिला असेल तर सगळंच सामान जास्तीचं ठरतं.

आता चिकाटी. कुणाची तरी पीएसटी (आउटलुकची मेल-फाइल) उघडी राहिलेली असतेच. रोबोकॉपी मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी ३० सेकंद थांबून. एका फाइलसाठी सुमारे ३४७ दिवस! इतकी निष्ठा माणसांत राहिली नाही. /आर:१ /डब्ल्यू:१ (एकच फेरप्रयत्न, एक सेकंद थांबून) लिहावं, राहिलेल्या फाइली लॉगमध्ये सापडतात. लॉगही /लॉग देऊन फाइलमध्येच. १२८ जणांनी स्क्रीनवर केलेला गलका वाचता तर येत नाहीच, शिवाय कामही मंदावतं.

सगळं सुरळीत झालं की रोबोकॉपी १ हा कोड परत देतं. ‘फाइली नीट गेल्या’ असा त्याचा अर्थ. ८ पासून पुढे खरी गडबड. पण ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या शेड्युलरच्या स्क्रिप्टला शून्य सोडून सगळं अपयशच वाटतं, त्यामुळे यश मिळाल्याची खबर रात्री तीनला ‘जॉब फेल’ या मेलने येते.

आणि सोमवारी सकाळी साहेब नवा ड्राइव्ह उघडतात, तर फोल्डर गायब. सोर्स म्हणून अख्खा डी: ड्राइव्ह दिला होता ना, मग त्याचे ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ हे गुण नव्या फोल्डरला चिकटले. डेटा जागच्या जागी आहे, फक्त पडद्यात बसलाय. ते गुण काढणारी ॲट्रिब -एच -एस ही कमांड टाइप करायला पाच सेकंद लागतात. साहेब पाठीशी उभे असतील तर जरा जास्त.