फुकटे नेमके कोण?

प्राप्तिकरावरच्या एका लेखात म्हटलंय की हा कर मूठभर लोक भरतात आणि बाकीचे फुकटात जगतात. मूठभरांचं खरं आहे, फुकटाचं नाही. नागपूरच्या महाल भागातून रोज बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत दुचाकीनं जाणारा कंत्राटी पोरगा घ्या. प्राप्तिकर शून्य, पण पेट्रोलवरचं केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट तो रामदासपेठेतल्या डॉक्टरइतकाच लिटरमागे मोजतो. त्याच्या पगारातला हिस्सा किती गेला ते बघा ना भाऊ!

वरच्यांचंही सगळ्यांचं सारखं नाही. २०२५-२६ पासून प्राप्तिकराच्या नव्या प्रणालीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) १२ लाखांपर्यंत कर नाही, नोकरदारांना पावणेतेरा लाखांपर्यंत; हे बरंच झालं. पण पगारातल्या २४ लाखांवरच्या भागाला ३० टक्के, आणि वर्षाहून जास्त ठेवून विकलेल्या शेअरच्या नफ्यावर सव्वा लाख सोडून फक्त साडेबारा टक्के. म्हणजे राबून कमावलं तर जास्त, पैशानं पैसा वाढवला तर कमी. वर २०२३ मध्ये नव्या प्रणालीत पाच कोटींवरच्या उत्पन्नाचा अधिभार, म्हणजे करावर लागणारा जादा कर, ३७ वरून २५ टक्क्यांवर आणला. लेखात यावर एक ओळ नाही.